सर्व्हिस सेंटर आले, काम कुणाला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, वाहनांचे सुटे भाग बनवणारी एखादी कंपनी आपल्या भागात सर्व्हिस सेंटर काढणार, अशी बातमी आली की पहिला प्रश्न येतो, ‘किती जणांना नोकरी मिळणार?’ प्रश्न रास्त आहे, पण तेवढा पुरत नाही.

नाशिकचे उदाहरण घ्या. तिथल्या ‘मायको सर्कल’ला कंपनीचेच नाव पडले. १९५१ साली सुरू झालेली मायको २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली. लोकांच्या तोंडी चौकाचे नाव मात्र टिकले. डिझेल इंजिनाचे भाग कारखान्यात बनतात आणि ट्रक-ट्रॅक्टरबरोबर गावोगाव जातात. बिघडले की दुरुस्तीही तिथेच हवी. त्यामुळे मेकॅनिक, सुट्या भागांचा दुकानदार, पंप-नोझल दुरुस्त करणारा, अशी रोजगाराची दुसरी साखळी रस्त्याकडेला उभी राहते.

हे काम आता बदलले आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना देशभर बीएस-६ निकष लागू झाले. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट असतो. इंजेक्टरची छिद्रे जवळजवळ केसाइतकी बारीक. धुळीचा कण गेला तरी काम बिघडते. नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे सांगणाऱ्या कारागिरालाही इथे स्कॅनर, टेस्ट बेंच आणि स्वच्छ खोली लागते. ही सामग्री छोट्या गॅरेजवाल्याला एकट्याने घेणे अवघड. सेंटरचा खरा उपयोग इथे आहे.

म्हणून आणखी काही विचारायला हवे. कायम जागा किती, कंत्राटी किती? जवळच्या आयटीआयमधील मुलामुलींना शिकाऊ उमेदवार म्हणून घेणार का? तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तसे बंधनच आहे. आणि जुन्या गॅरेजवाल्यांना प्रशिक्षण मिळेल का, त्यांनी आणलेला इंजेक्टर वाजवी दरात तपासून मिळेल का? सेंटरमध्ये वीस जण लागले आणि तालुक्यातले चाळीस जण हातावर हात ठेवून बसले, तर जमेच्या बाजूला काय उरले?

उद्‌घाटनाला सगळेच जातात. वर्षभराने पुन्हा जावे, आणि आपल्या भागातली किती मुले तिथे काम शिकली, ते विचारावे.