एक मूठ दिल्लीत, अडीच मुठी बंगळुरूत

थंडी पडली की एक प्रश्न हमखास येतो, "कोणती दुर्बीण घेऊ?" माझं उत्तर असं की या हिवाळ्यात काहीच घेऊ नका. हात समोर ताणा आणि मूठ वळा. त्या मुठीची रुंदी आकाशात साधारण 10 अंश भरते. लहान मुलांची मूठ लहान, पण हातही आखूड. म्हणून हिशेब सगळ्यांना जवळपास सारखाच लागू पडतो.

आता मृग नक्षत्र शोधा. चार कोपऱ्यांत चार तारे, मध्ये एका ओळीत तीन. हे तीन म्हणजे मृगाच्या पोटात घुसलेला बाण. बाणाची रेषा खाली डावीकडे वाढवली की व्याध लागतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. व्याध दक्षिणेला आला की त्याच्याखाली साडेतीन मुठी उतरा. तिथे अगस्त्य. तेजात त्याचा क्रमांक दुसरा. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नवाच्या सुमारास तो सर्वांत वर असतो.

वर म्हणजे किती? ते तुमच्या गावावर ठरतं. दिल्लीत जेमतेम 9 अंश, इंदूरला सुमारे 15, पुण्यात 19, बंगळुरूत 24, तंजावरला 26 च्या पुढे. अगस्त्य ऋषी विंध्य ओलांडून दक्षिणेला गेले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. आपणही दक्षिणेला जाऊ तसा हा तारा वर चढतो, कारण पृथ्वी गोल आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पॉसिडोनियस या ग्रीक विद्वानाने याच ताऱ्याच्या दोन ठिकाणच्या उंचीवरून पृथ्वीचा परीघ काढला होता.

आपण मराठी माणसं देशभर विखुरलेली आहोत, ती इथे सोयच आहे. दिल्ली आणि बंगळुरू जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, सरळ अंतर सुमारे 1,740 किलोमीटर. दिल्लीचा दादा फोनवर सांगतो, "एक मूठ." बंगळुरूची ताई म्हणते, "अडीच." फरक दीड मुठीचा, म्हणजे 15 अंश. पूर्ण वर्तुळात असे 24 भाग. 1,740 गुणिले 24, म्हणजे 41,760 किलोमीटर. खरा परीघ सुमारे 40,000 आहे. नुसत्या मुठीने एवढं जमतं!

समोर इमारती असतील तर गच्चीवर डोळ्यांच्या उंचीची आडवी रेषा शून्य धरा.

अडचण एकच आहे. शहरातला धूर, धुकं आणि दिवे क्षितिजालगतचं आकाश आधी गिळतात. मृग आणि व्याध डोक्याशी दिसत राहतात, म्हणून आकाश शाबूत आहे असं आपल्याला वाटतं. दुसऱ्या क्रमांकाचा तारा गेलेला कळतही नाही. म्हणून वहीत तारीख, वेळ, गाव आणि मुठी लिहा. निरभ्र रात्री अगस्त्य दिसला नाही, तर तेही लिहा. पुढच्या वर्षी त्याच गच्चीवरून पुन्हा बघा.