घरचे गवत, घरची गाय
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्याने जन्मभर मुलांना हिशेब शिकविला, त्याला आपण बोलावयास उभे केलेत. तेव्हा मी एक हिशेबच मांडतो. तो गोठ्याचा आहे.

२०१४ च्या चैत्रात मी घरची शेवटची गाय विकली. माघातच उडवी संपली होती आणि पुढे पेंढा व पेंड विकत घेता घेता निवृत्तिवेतन पुरेना. दावे सुटले त्या दिवशी माझी वृद्ध आई जेवली नाही. ज्या फाल्गुनात मी पेंढ्याचे पैसे मोजीत होतो, त्याच फाल्गुनात आमच्याच सड्यावरचे उभे गवत वणव्यात जळत होते!

आपली कोकण कपिला गाय अंगाने लहान. तिला स्वतंत्र जात म्हणून २०१८ साली राष्ट्रीय मान्यता मिळाली. दोनशे किलो वजनाच्या अशा गायीस दिवसाकाठी सुमारे पाच किलो कोरडा चारा लागतो. हिरवे गवत संपल्यावरचे आठ महिने धरले, तर बारा क्विंटल झाले. भाताचा पेंढा पोट भरतो, पण त्यात अंग धरण्याजोगे सत्त्व फार थोडे. म्हणून आपण पेंडीच्या पोत्याकडे वळतो.

गवत आपणही कापतो. परंतु भात झोडून झाल्यावर, बी गळून काड्या पिवळ्या पडल्यावर. तोवर त्यातील कस निघून गेलेला असतो. गवत फुलोऱ्यावर येताच कापले पाहिजे. हस्ताचा पाऊस ओसरून चित्राचे ऊन पडले की बांधावरचे, वाडीतले आणि वरकस जमिनीवरचे गवत सकाळी दव उडाल्यावर कापावे, पातळ पसरावे, दिवसातून दोनदा उलथावे, आणि संध्याकाळी ढीग करून झाकावे. मूठभर गवत पिळून पाहावे. काडी मोडली आणि हातास ओल लागली नाही, म्हणजे ते वाळले. त्याचा रंग हिरवट राहिला पाहिजे. ओले गवत रचल्यास आत तापते व बुरसते; बुरसलेले गवत जनावरास घालू नये. उडवीखाली दगड व लाकडे घालावी, म्हणजे ओल चढत नाही. भातानंतर कुळीथ केल्यास त्याचे भूसही जपून ठेवावे. ते पेंढ्याहून सकस असते.

आपण म्हणाल, “गुरुजी, त्याच दिवसांत भातकापणी असते, माणसे कोठून आणावी?” अडचण खरी आहे. म्हणून माझी दोन मागणी आहेत. गावकऱ्यांनी सावडीने आज एकाचे, उद्या दुसऱ्याचे गवत कापावे. मुंबईकर बंधूंनी गणपतीस व शिमग्यास येता तसे दसऱ्यानंतरही चार दिवस यावे. पेंडीसाठी पाठविलेल्या पैशांपेक्षा ते चार दिवस अधिक मोलाचे ठरतील.

२०१९ साली मी पुन्हा एक कालवड आणली. आज ती दुभती आहे. दुभत्या गायीची पेंड सर्वस्वी बंद होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण पूर्वी जेथे तीन पोती लागत, तेथे आता एक पुरते, आणि गतवर्षी उडवी वैशाखापर्यंत टिकली. गोठा पुन्हा भरलेला पाहावयास आई राहिली नाही, एवढीच रुखरुख आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या दारी अद्याप गाय आहे, त्यांच्यावर ती वेळ न येवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.