वावरातून ज्वारी गेली, हाडातून काय गेलं?



मालाच्या भावाबद्दल आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. आज ताटाबद्दल बोलू.

१९९० नंतर अमरावती-अकोल्यात सोयाबीन पसरलं आणि ज्वारीचा पेरा आटत गेला. ज्वारीला भाव नाही, पावसात सापडली की कणसं काळी पडतात, उरलं ते रोही-डुकरं खातात. ज्वारी सोडली यात शेतकऱ्याचा गुन्हा नाही. पण तिच्याबरोबर घरातून काय गेलं, त्याचा हिशोब केला पाहिजे.

ज्वारीत तूर-मुगाचे तास असत, तीळ-अंबाडी असे. कडब्यावर दारची गाय-म्हैस जगे. कडबा गेला, तसं अनेक घरांतून दूध-ताकही गेलं.

स्नायू प्रथिनांवर पोसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला रोज ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ३०० ग्रॅम ज्वारीतून सुमारे ३० ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम तूरडाळीतून सुमारे २२. ज्वारीच्या प्रथिनात जो लायसीन नावाचा घटक कमी, तो डाळीत भरपूर. म्हणून भाकरी आणि वरण ही बैलजोडी आहे. एक बैल सोडला तर वखर चालत नाही. आणि गंमत पाहा, शेकडा ३५ ते ४० प्रथिनं असलेलं सोयाबीन आपणच पिकवतो, पोत्यात भरून बाजारात नेतो आणि घरी पातळ वरण खातो.

हाडांना कॅल्शियम लागतं. मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की शरीर ते हाडातून काढतं. कोठीतले दाणे संपले की बियाण्याला हात लागावा, तसं. हाडांची भरती तिशीपर्यंत होते, पुढे खर्चच जास्त. पोटात लेकरू असताना आणि अंगावर पाजताना आईचा खर्च वाढतो. आणि आपल्या घरात सर्वांत शेवटी, उरलंसुरलं खाते तीच. दिवसभर वाकून पऱ्हाटी वेचते तीच. तिची कंबर दुखली तर वयाला दोष देऊ नका, आधी तिचं ताट पाहा.

उपाय बाहेरून विकत आणायचा नाही. पावशेर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दोन मोठे चमचे तिळात २०० च्या वर. तिळाची चटणी, अंबाडीची भाजी, ताक हे आपलंच अन्न आहे. कातडीवर ऊन पडलं की ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याने कॅल्शियम अंगी लागतं.

शरद जोशींनी १९९० च्या दशकात सीताशेती मांडली, ती घराच्या गरजेसाठी बाईच्या हातची शेती होती. ती पुन्हा हाती घेऊ. प्रत्येक घराने निदान अर्धा एकर ज्वारी, त्यात तूर, मूग, तीळ पेरावं. पेरा कोणता, हे घरच्या बाईने ठरवावं. जेवायला सगळ्यांनी एकत्र बसावं.

आणि सरकारला सांगू : ज्वारीची हमीभावाने खरेदी वेळेवर करा, जनावरांच्या नुकसानीची भरपाई पुरी द्या. मग ज्वारी पेरा म्हणून आम्हाला उपदेश करावा लागणार नाही.