दिवाणखान्यांतील खेळयंत्र

टेलिव्हिजनच्या शेजारीं ठेवलेली व्हिडिओ गेमची पेटी ही आरंभीं केवळ मुलांच्या करमणुकीची वस्तु होती. आज त्याच पेटीवर चित्रपट पाहिले जातात, गाणीं ऐकलीं जातात, परगांवच्या मित्रांशीं बोलणें होतें. हा पालट कसा घडला, आणि त्यांत कुटुंबाच्या पदरांत काय पडलें व हातचें काय गेलें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेंत झाला. राल्फ बेअर हा मूळचा जर्मनींतील ज्यू इंजिनियर १९६६ सालीं संरक्षणसामग्री तयार करणाऱ्या सँडर्स कंपनींत काम करीत होता. घरोघरीं टेलिव्हिजन आहे, परंतु दुसऱ्यानें पाठविलेलें चित्र मुकाट्यानें पाहण्यापलीकडे त्याचा उपयोग नाहीं. त्यावर खेळहि कां खेळूं नये, असा विचार त्यानें मांडला. त्यांतून १९७२ मध्यें मॅग्नावॉक्स कंपनीचें ‘ओडिसी’ हें यंत्र बाजारांत आलें. त्याला आवाज नव्हता आणि गुण खेळणाऱ्यांनींच मोजावयाचे असत. पडद्यावर कांहीं पांढरे चौकोन व एक रेषा एवढेंच उमटे. मैदान किंवा वाट दाखविण्यासाठीं रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे कांचेवर चिकटवावे लागत. पेटीबरोबर फांसे, पत्ते व खोटे पैसेहि मिळत. जुन्या बैठ्या खेळांचा हात धरूनच नवें यंत्र घरांत शिरलें.

त्यानंतर १९७६ च्या ‘फेअरचाइल्ड चॅनेल एफ’नें व १९७७ च्या अटारीच्या यंत्रानें बदलतां येणारीं कार्ट्रिजें आणलीं. पेटी एक, खेळ अनेक, अशी सोय झाली. याच सोयींतून पुढें या धंद्याची रीत ठरली: पेटी शक्य तितक्या स्वस्त दरानें, प्रसंगीं तोटा सोसूनहि विकावी, आणि नफा खेळांवर काढावा. ही रीत ध्यानांत घेतली म्हणजे पुढील सर्व प्रकार उलगडतो. ज्या कंपनीचा नफा पेटीच्या विक्रीपेक्षां तिच्या वापरावर अवलंबून आहे, तिला ती पेटी दिवसांतून तासभर चालून कसें पुरणार?

जपानमधील निन्टेन्डो ही कंपनी १८८९ सालीं क्योटो शहरांत पत्ते तयार करण्यासाठीं स्थापन झाली होती. तिनें १९८३ मध्यें काढलेल्या यंत्राचें नांव ‘फॅमिली कॉम्प्युटर’. नांवांतच महत्त्वाकांक्षा दिसते. १९८८ मध्यें त्याला टेलिफोनशीं जोडणारें मोडेम निघालें व त्यावरून शेअरांची खरेदीविक्री करण्याची सोय झाली. पण मुलांच्या खेळाच्या पेटीवर गृहस्थानें शेअर घ्यावे, ही कल्पना लोकांत रुजली नाहीं. बाहेरून लादलेलें काम पेटीला मानवलें नाहीं. तिच्या रचनेंतूनच जें निघालें तें मात्र मानवलें.

तो योग तबकडीमुळें आला. त्याच १९८८ सालीं जपानांत ‘पीसी इंजिन’ या यंत्राला सीडी वाचणारें उपकरण मिळालें, आणि १९९४ मध्यें सोनीचें ‘प्लेस्टेशन’ आलें. तबकडीवरील खुणा खेळाच्या आहेत कीं गाण्याच्या, हें त्या वाचणाऱ्या प्रकाशकिरणाला कळत नाहीं. त्यांचा अर्थ पेटींतील संगणक लावतो. म्हणून खेळाची पेटी सहजच गाणीं वाजवूं लागली. मार्च २००० मध्यें जपानांत ३९,८०० येन किंमतीला निघालेलें ‘प्लेस्टेशन २’ चित्रपटांच्या डीव्हीडीहि दाखवी. मुलांसाठीं खेळ व वडील मंडळींसाठीं चित्रपट, असा दुहेरी लाभ दिसल्यावर खर्चाला मान्यता मिळविणें सोपें झालें. या यंत्राचे १५ कोटींहून अधिक नग खपले.

पुढील पाऊल इंटरनेटचें. २००१ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स’मध्यें हार्ड डिस्क व इंटरनेटची जोडणी मुळांतच होती. २००६ च्या ‘प्लेस्टेशन ३’नें ब्ल्यू-रे तबकडी घरांत नेली, अमेरिकेंत त्याची किंमत ४९९ व ५९९ डॉलर असूनहि तें तोट्यांत विकलें जात होतें. परंतु त्यामुळें ब्ल्यू-रेला बळ मिळालें, आणि फेब्रुवारी २००८ मध्यें तोशिबानें प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीचा नाद सोडला. त्याच वर्षीं ‘एक्सबॉक्स ३६०’वर नेटफ्लिक्सचे चित्रपट तबकडीवांचूनच दिसूं लागले.

तरी खेळाचें महत्त्व ओसरलें नव्हतें. २००६ मध्यें आलेलें निन्टेन्डोचें ‘वी’ चित्रपटांच्या डीव्हीडी दाखवीत नसे. पण हातांतील दांडी हलवून टेनिस खेळण्याच्या त्याच्या गंमतीनें एरव्हीं अशा यंत्राकडे न फिरकणारीं माणसेंहि ओढलीं गेलीं आणि त्याचे १० कोटींहून अधिक नग खपले. उलट मे २०१३ मध्यें ‘एक्सबॉक्स वन’ची ओळख करून देतांना टेलिव्हिजनचेंच कौतुक अधिक झालें. शिवाय जुन्या तबकड्यांच्या देवघेवीवर निर्बंध येणार असें कळतांच ग्राहक खवळले. पुढच्याच महिन्यांत कंपनीला ते निर्बंध मागें घ्यावे लागले.

या रागांत तथ्य होतें. तबकडी कपाटांत राहते, शेजाऱ्याला देतां येते, विकतां येते. इंटरनेटवरून मिळणारी सोय मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. ‘प्लेस्टेशन ३’वर लिनक्स प्रणाली बसविण्याची मुभा होती, ती २०१० मध्यें काढून घेण्यांत आली. ‘वी’वरील खेळांचें दुकान व चित्रपटांची सोय जानेवारी २०१९ मध्यें बंद झाली. सोनीनें ऑगस्ट २०२१ अखेर आपल्या दुकानांतील चित्रपटांची विक्री थांबविली. आणि २०२२ मध्यें जर्मनी व ऑस्ट्रिया येथील ग्राहकांना सूचना मिळाली कीं, त्यांनीं पूर्वीं विकत घेतलेले स्टुडिओकॅनालचे चित्रपट त्यांच्या संग्रहांतून काढले जातील. पहिलें ‘प्लेस्टेशन’ गाण्यांची सीडी वाजवीत असे. २०२० चें ‘प्लेस्टेशन ५’ ती वाजवीत नाहीं, आणि त्याचा एक प्रकार तर तबकडीच्या खांचेवांचूनच विकला जातो.

म्हणून या पेट्यांचा तिरस्कार करण्याचें कारण नाहीं. एका वस्तूंत चार वस्तूंचें काम होणें ही घराची सोयच आहे, आणि दूर राहणारीं भावंडें एकाच खेळांत भेटतात हेंहि लहान सुख नव्हे. मात्र विकत घेतलेली वस्तु व मिळालेली परवानगी यांतील भेद गृहस्थानें ओळखावा. पेटी घेतांना ती काय काय करते हें दुकानदार आपण होऊन सांगेल. कंपनीनें आपलें दार बंद केल्यावर ती काय करील, हें मात्र ग्राहकानेंच विचारून घेतलें पाहिजे.