वर्गांतील चलच्चित्र

बीं मातींत पडतें, तें रुजतें आणि त्यास अंकुर फुटतो, हें वाक्य लहान मूल घडाघडा म्हणून दाखवितें. परंतु अंकुर वर येतांना त्यानें पाहिलेला असतो काय? सृष्टीचें हें काम इतकें संथ कीं, डोळ्यास तें दिसतच नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं ही अडचण दूर करून दाखविली. कुंडींत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाचीं छायाचित्रें त्यांनीं दिवसांमागून दिवस टिपलीं आणि ती वाढ थोड्या क्षणांत पडद्यावर आणली. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला तो पुढील सालीं.

वर्गांतील चलच्चित्राचें स्थान यावरून ठरतें. जें फार संथ, फार वेगवान, फार सूक्ष्म किंवा फार दूर आहे, तें त्यानें दाखवावें. ज्वालामुखी वर्गांत आणतां येत नाहीं. आंब्याचें पान आणतां येतें. अंगणांत झाड असतां पानाचें चित्र दाखविणें व्यर्थ होय.

१९७५-७६ सालीं सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाच्या द्वारें दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोंचले, त्यांत शाळकरी मुलांसाठींही पाठ होते. ते पाठ दूर कोठें तरी तयार होत. मूल केवळ प्रेक्षक असे. आज फोननें ही स्थिति पालटली आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेंत रणजितसिंह डिसले यांनीं क्यूआर कोडच्या द्वारें चलच्चित्रें पाठ्यपुस्तकाशीं जोडलीं. २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याची निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर ९ शिक्षकांस वांटून देण्याचें जाहीर केलें. मात्र त्याच सालीं शाळा बंद असतां, ज्या घरीं फोन नव्हता, तेथील कित्येक मुलांपर्यंत पाठ पोंचला नाहीं, हेंही विसरतां कामा नये. एका फोनवर सर्व वर्गाचें काम व्हावें, अशीच योजना हवी.

ती अवघड नाहीं. मुलांनीं कुंडींत वाटाणा पेरावा. फोन रोज त्याच जागीं, त्याच वेळीं ठेवून एक चित्र घ्यावें. ३० दिवसांचीं ३० चित्रें सेकंदास ५ या वेगानें दाखविलीं, तर महिन्याची वाढ ६ सेकंदांत दिसेल. हें गणित मुलांनींच करावें. रोप खिडकीकडे कां वळलें? शिक्षकानें चित्र मध्येंच थांबवून हें विचारावें आणि उत्तर मुलाच्या तोंडून येईपर्यंत धीर धरावा.

पडद्यापुढें वर्ग शांत बसतो आणि त्या शांततेसच पुष्कळदां अध्ययन समजलें जातें. परंतु शिक्षक तेवढ्यावर संतुष्ट राहिला, तर शाळेंत आणि तमाशगिरांच्या तंबूंत अंतर उरणार नाहीं. ज्या मुलानें महिनाभर रोपास पाणी घातलें, त्यास त्या ६ सेकंदांतील एकेक दिवस ओळखतां येतो. इतरांस केवळ हलणारें रोप दिसतें.