चेहरा कलाकाराचा, मेहनत दोघांची



 पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओत आज फिल्म इन्स्टिट्यूट नांदते आहे. त्या गावात या संमेलनात डिजिटल चेहऱ्यांवर दोन दिवस चर्चा होणार, याचा आम्हां स्वागत समितीला अभिमान वाटतो.

या चेहऱ्यांची वाटचाल आधी पाहूया. 'द टू टॉवर्स' हा चित्रपट आला २००२ साली. त्यातल्या गॉलम या पात्राचा अभिनय अँडी सर्किसचा, पण चेहरा वेटा या व्हिज्युअल इफेक्ट्स स्टुडिओच्या अ‍ॅनिमेटरांनी त्याचं चित्रीकरण समोर ठेवून हाताने घडवला होता. २००५च्या 'किंग काँग'साठी सर्किसच्या चेहऱ्यावर हालचाल टिपण्यासाठी मार्कर चिकटवले गेले. २००९च्या 'अवतार'मध्ये कलाकारांच्या तोंडासमोर हेल्मेटला जोडलेला छोटा कॅमेरा आला. आता तर साध्या व्हिडिओवरून सॉफ्टवेअर भुवया, पापण्या, ओठांचे कोपरे टिपतं आणि कोणता ब्लेंडशेप, म्हणजे आधी घडवून ठेवलेला चेहऱ्याचा आकार, किती लावायचा ते ठरवतं.

तरी काम तिथे संपत नाही, हे इथल्या अ‍ॅनिमेटरांना मी सांगायला नको. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ पुरते मिटतात, तेही जेमतेम दोन-तीन फ्रेमपुरते. चेहऱ्याच्या हालचाली टिपताना तेवढं निसटलं, की 'बाबा' म्हणणाऱ्या पात्राचे ओठ उघडेच राहतात आणि प्रेक्षकाचा विश्वास उडतो. 'ळ' म्हणताना जीभ टाळूकडे वळते. कॅमेऱ्याला ती धड दिसतही नाही. मग अ‍ॅनिमेटर एकेक फ्रेम पुढे-मागे करत ती जागा हाताने दुरुस्त करतो. म्हणून पडद्यावरचा तो चेहरा कलाकार आणि अ‍ॅनिमेटर अशा दोघांचा आहे, असं माझं ठाम मत आहे. कलाकाराला वगळून तंत्राचं कौतुक करणं जितकं चूक, तितकंच अ‍ॅनिमेटरला विसरून एकट्या नटाला हार घालणंही.

आणि चेहरा एकदा टिपला, की तो कुणाच्या मालकीचा? अमेरिकेतल्या नटांच्या २०२३च्या संपात हा कळीचा मुद्दा होता. डिजिटल प्रतिकृतीसाठी कलाकाराची संमती घेण्याची अट त्यांनी करारात घालून घेतली. आपल्याकडचा होतकरू नट पुढे केलेल्या कागदावर सही करून मोकळा होतो; त्याच्यासाठी बोलणारं बहुतेकदा कुणी नसतं.

माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे, की उद्याच्या सत्रात सोप्या मराठीत एक नमुना-करार तयार करूया. टिपलेला चेहरा ठरलेल्या भूमिकेपुरताच वापरावा, पुन्हा वापरायचा तर पुन्हा विचारावं आणि मोबदला द्यावा, श्रेयनामावलीत दोघांचीही नावं यावीत, एवढं त्यात असलंच पाहिजे. तो मसुदा हातात घेऊनच आपण इथून निघूया.