तणस, डांबर आणि हेल्मेट

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या धानपट्ट्यात तणसाच्या ढिगावर उडी घेणाऱ्या पोराला काही होत नाही. तेवढ्याच उंचीवरून डांबरावर पडलं तर हाड मोडतं. दोन्हीकडे नाहीसा होणारा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, सारखाच. फरक थांबायला लागणाऱ्या वेळाचा. बल आणि वेळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग, आणि तो संवेगातल्या बदलाइतका असतो. म्हणून वेळ वाढला की बल घटतं. ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेगानं आदळणारं सुमारे 5 किलोचं डोकं समजा सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबलं, तर त्यावर सरासरी 50,000 न्यूटन बल येतं. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर चेपत गेला आणि हाच वेळ पाचपट झाला, तर 10,000.

कुणी म्हणेल, दुचाकीवरून पवनी-भंडाऱ्याला जाताना ठीक, गावातल्या गावात हेल्मेट कशाला? पण दीड मीटर उंचीवरून नुसतं खाली पडलेलं डोकंही जमिनीला ताशी सुमारे 19 किलोमीटर वेगानं लागतं; त्यासाठी गाडी जोरात असावी लागत नाही. कठीण कवच धक्का आत पोचवतं, हा आक्षेप आतला थर नसेल तर खराच आहे. म्हणूनच थर नसलेली नुसती टोपी निकामी. आणि चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. तेव्हा आयएसआय खूण पाहूनच हेल्मेट घ्या, पट्टा आवळा, आणि एकदा आदळलेलं हेल्मेट बदला.